औषध-उद्योग आणि मानसिक आरोग्याची चळवळ (खानदेश)

मनोविकारांवरील औषधे बनवणाऱ्या कंपन्या जनजागृतीच्या मोहिमांना, रुग्ण-नातेवाइकांच्या संघटनांना, डॉक्टरांच्या परिषदांना आणि उपचारांच्या मार्गदर्शिकांना पैसा किंवा मजकूर पुरवतात. त्यातून लोकांची आजाराविषयीची समजूत आणि सरकारचे धोरण यांवर जो परिणाम होतो, तो या नोंदीचा विषय आहे. उघड जाहिरात यात धरलेली नाही. या प्रभावात बोलणारा माणूस कंपनीचा नसतो; तो डॉक्टर असतो, रुग्णाची आई असते, कधी शिबिराच्या मंडपातला स्वयंसेवक असतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हा प्रभाव वेगळ्या वाटेने पोचतो. अमेरिकी वाङ्मयात रंगवलेले चित्र येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

उगमाचा प्रश्न : या प्रभावाची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकमत नाही. जुन्या मतानुसार प्रारंभ क्लोरप्रोमाझिनपासून होतो. हे औषध फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीत १९५०-५१ च्या सुमारास तयार झाले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले व डेनिकर यांनी ते मनोरुग्णांवर वापरले आणि १९५४ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ते अमेरिकेत विक्रीस आणले. मनोरुग्णालये राज्य सरकारांच्या अंदाजपत्रकावर चालत असल्याने कंपनीने आपले खास पथक राज्यांच्या विधिमंडळांकडे धाडले आणि रुग्णालयांना जादा निधी मिळावा म्हणून प्रयत्न केले. औषध-कंपनीने मनोविकारविषयक धोरणात हात घातल्याचे हे सर्वांत जुने ठळक उदाहरण मानले जाते.

दुसरे मत डेव्हिड हीली या इतिहासकाराच्या मांडणीवर आधारलेले आहे. १९६१ मध्ये फ्रँक एड या मनोविकारतज्ज्ञाने सामान्य डॉक्टरांना नैराश्याचा रुग्ण कसा ओळखावा हे सांगणारे पुस्तक लिहिले. ॲमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरील औषध विकणाऱ्या मर्क कंपनीने त्याच्या ५०,००० प्रती घेऊन डॉक्टरांत वाटल्या. औषध विकण्याआधी आजार विकला गेला, असा हीली यांचा रोख आहे. तिसऱ्या मताचे अभ्यासक या दोन्ही घटनांना पूर्वपीठिका म्हणतात. डिसेंबर १९८७ मध्ये फ्लुओक्सेटीन (प्रोझॅक) या नैराश्यरोधकाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवरील औषध-जाहिरातींचे नियम सैल झाले आणि त्याच दशकात रुग्णसंघटनांकडे कंपन्यांचा पैसा वळला. त्यांच्या मते खरा आरंभ येथे आहे.

वादाचा काही भाग व्याख्येचा आहे. चळवळ म्हणजे संघटना असे धरले, तर तिसरे मत टिकते; सरकारी तिजोरीवरील दबाव एवढाच निकष ठेवला, तर पहिले. मात्र १९५४ च्या प्रयत्नात गिऱ्हाईक सरकार होते आणि रुग्ण आधीच भिंतीआड होता. बाहेरच्या माणसाला रुग्ण म्हणून ओळखायला डॉक्टरला शिकवणे ही १९६१ ची युक्ती त्याहून दूर पोचणारी ठरली, आणि पुढे भारतात आली ती हीच. त्यामुळे खानदेशाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक उपयोगी पडते.

परदेशातील नोंदलेली प्रकरणे : अमेरिकेतील ‘नॅशनल अलायन्स ऑन मेंटल इलनेस’ ही १९७९ मध्ये स्थापन झालेली नातेवाइकांची मोठी संघटना आहे. सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीतून २००९ मध्ये असे उघड झाले, की २००६ ते २००८ या काळात तिला मिळालेल्या देणग्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश, म्हणजे जवळपास २.३ कोटी डॉलर, औषध-कंपन्यांकडून आले होते. टेक्सास राज्यात १९९० च्या दशकात सरकारी रुग्णालयांसाठी औषधक्रमाची मार्गदर्शिका तयार झाली. तिच्यात नव्या, महाग औषधांना अग्रक्रम मिळाला आणि ती इतर राज्यांनीही उचलली. या प्रकरणातून उद्भवलेल्या दाव्यात जॉन्सन अँड जॉन्सनने जानेवारी २०१२ मध्ये १५.८ कोटी डॉलर देऊन टेक्सासशी तडजोड केली.

पुराव्याची बाजू २००८ मध्ये टर्नर व सहकाऱ्यांनी तपासली. १२ नैराश्यरोधकांच्या ७४ चाचण्यांपैकी अमेरिकी नियामकाने ३८ अनुकूल मानल्या होत्या. त्यांतील ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने छापल्या गेल्या. डॉक्टर जे वाचतो त्यातच निवड झालेली असते, ही गोष्ट जळगावच्या डॉक्टरलाही तितकीच लागू आहे.

भारतीय चौकट : परदेशी नमुना भारतात बदलला त्याची दोन कारणे सांगता येतात. पहिले पेटंटचे. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त प्रक्रियेवर मिळे. ही स्थिती २००५ पर्यंत राहिली. परिणामी एकाच रेणूचे अनेक ब्रँड बाजारात आले. सगळ्यांचे औषध सारखेच असल्यावर आजाराची जागृती करून एकट्या कंपनीचा फायदा होत नाही. डॉक्टरच्या लेखणीतून आपलेच नाव उतरवणे तिला जास्त फळते. दुसरे कारण १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात अपस्मार, उन्माद, वेड, मेंदूचे विकार अशी नावे असून त्यांवरील औषधांची लोकांपुढे जाहिरात करण्यास मनाई आहे. (कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एसटी स्टँडच्या भिंतीवरचे शक्तिवर्धक असावेत, पण तो नैराश्यरोधकांनाही आडवा आला.) म्हणून भारतात दबाव रुग्णसंघटनेपेक्षा डॉक्टर व औषध-दुकानदार यांच्यावर एकवटला.

त्याला आवर घालण्याचे प्रयत्न अर्धेमुर्धे राहिले. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास व आदरातिथ्य घेण्यास मनाई केली. २०१६ मध्ये त्या नियमातून ‘डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना’ हे शब्द वगळण्यात आले. म्हणजे एकट्या डॉक्टरला जे वर्ज्य, ते त्याच्या संघटनेच्या परिषदेला उघडे झाले. कंपन्यांसाठीची आचारसंहिता २०१५ पासून ऐच्छिक होती. मार्च २०२४ ची सुधारित संहिताही कायद्याचे बळ नसलेलीच आहे, तरी झोपेच्या व गुंगीच्या औषधांची सॅम्पले वाटू नयेत असे ती सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवरील खर्च आयकरात वजा करता येणार नाही असा निर्णय दिला.

संयुक्त गोळ्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. एकाच गोळीत दोन औषधे घातली, की नवे ब्रँडनाव मिळते आणि बऱ्याचदा किंमत-नियंत्रणातूनही सुटका होते. एसिटालोप्रॅम (नैराश्यरोधक) व क्लोनाझेपॅम (गुंगीचे औषध) यांची जोडगोळी देशभर खपते. पहिले औषध परिणाम दाखवायला दोन-तीन आठवडे घेते, दुसऱ्याने त्याच रात्री झोप लागते. रुग्णाला बरे वाटते ते दुसऱ्यामुळे आणि सवय लागते तीही दुसऱ्याचीच. फ्लुपेंटिक्सॉल व मेलिट्रासेन यांच्या जोडगोळीबाबत संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ च्या ५९ व्या अहवालात आक्षेप घेतला, की मूळ देश डेन्मार्कमध्येच तिला परवानगी नाही. काही औषधांच्या मंजुरीसाठी वेगवेगळ्या गावच्या तज्ज्ञांनी दिलेली शिफारसपत्रे जवळजवळ शब्दशः सारखी असल्याचेही समितीला आढळले. त्यामागे कंपन्यांचे अदृश्य हात असावेत असा तिचा तर्क होता. धोरणावरील प्रभावाचा भारतातील इतका स्पष्ट अधिकृत उल्लेख दुसरा क्वचितच सापडतो.

खानदेशातील स्वरूप : राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, खानदेशात एकही नाही. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने, जळगावचे २०१८ चे आणि नंदुरबारचे २०२० चे. तोवर गावचा फॅमिली डॉक्टर आणि ‘मेडिकल’वाला हेच मनाच्या दुखण्याचे पहिले ठाणे होते, आणि तालुक्याच्या गावी ते आजही आहेत. कंपनीचा माणूस गाठतो तोही त्यांनाच.

एमआरच्या (कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीच्या) बोलीत जळगाव किंवा धुळे हे ‘हेडक्वार्टर’, सकाळी जाऊन रात्री परतता येणारी अमळनेर, पारोळा, चोपडा ही ‘एक्स-स्टेशन’ आणि मुक्काम पडणारी दूरची गावे ही ‘आउट-स्टेशन’. डॉक्टरकडचा ‘कॉल’ दोन-तीन मिनिटांचा असतो. तोही ओपीडी ओसरल्यावर, पंख्याखालच्या बाकावर तासभर बसून मिळालेला. खरे काम नंतर समोरच्या मेडिकलमध्ये चालते. कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणता ब्रँड किती गेला याची विचारपूस तेथे होते. तिला ‘आरसीपीए’ म्हणतात. झोपेची गोळी, नसांची गोळी, ताकदीची गोळी ही गिऱ्हाइकाची नावे. काउंटरवर नैराश्यरोधकही बहुधा यांतल्याच एखाद्या नावाने जातो. कोलकात्यातील डॉक्टर याच औषधांना ‘मनाचा आहार’ म्हणून समजावतात, असे श्टेफान एक्स या मानवशास्त्रज्ञाने नोंदवले आहे. खानदेशातील ‘ताकद’ हा शब्द त्याच कुळातला दिसतो.

भाषेचा मुद्दा येथे गौण नाही. अहिराणीत ‘मन लागस नही’, ‘माले झोप येस नही’ असे सांगणारा माणूस आपल्याला आजार आहे असे सांगत असतोच असे नाही. ‘नैराश्य’ हा शब्द पुस्तकी, ‘खिन्नता’ त्याहून पुस्तकी. बोलण्यात रुळला तो ‘डिप्रेशन’. १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या शिबिरांत किंवा दवाखान्यात अनेकदा जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात, ती पीएचक्यू-९ फायझर कंपनीच्या शैक्षणिक अनुदानातून तयार झाली. सर्ट्रालीन हे नैराश्यरोधक त्याच कंपनीने बाजारात आणलेले. प्रश्नावली शास्त्रीयदृष्ट्या वाईट नाही. ती मोफत आहे आणि जगभर तपासली गेली आहे. पण तिचा सातवा प्रश्न वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष न लागण्याबद्दल आहे. सातपुड्यातल्या धडगावच्या बाजारातून आलेल्या, पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या बाईला तो विचारायचा, तर स्वयंसेवकाला पदरचे काहीतरी घालावे लागते.

गुंगीच्या गोळ्यांची दुसरी बाजू पोलिसांच्या कारवायांतून दिसते. मालेगाव-धुळे पट्ट्यात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. मार्च २०१४ पासून हे औषध औषध-नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टात असून दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असते.

धोरण व मतभेद : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व त्याचा जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. सुमीत जैन व सुश्रुत जाधव यांनी २००९ मध्ये कानपूर जिल्ह्यातील अभ्यासावरून असे मांडले, की समाजाधारित म्हणून आखलेला हा कार्यक्रम प्रत्यक्षात गोळ्या वाटण्यापुरता उरला. याउलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने विकारागणिक उपचारांतील तूट (उपचार न मिळणाऱ्या रुग्णांचे प्रमाण) ७० ते ९२ टक्के दाखवली, आणि गोळी मिळणे हाच हक्काचा पहिला टप्पा आहे असे अनेक तज्ज्ञ मानतात. (हे सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) तापीकाठच्या सपाट तालुक्यांना जैन-जाधव यांचे म्हणणे लागू पडेलसे वाटते, सातपुड्याला ते तितके लागू पडत नाही.

शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प राज्याने २०१५ मध्ये सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी. शेतकरी आत्महत्यांची नोंद होत असूनही जळगाव त्या यादीत नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा सर्वत्र आहे.

नंदुरबारच्या अक्राणी व अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत कंपनीचा प्रभाव फारसा जाणवत नाही. तेथे बाजारपेठ लहान आहे आणि दुखणे आधी बडव्याकडे, म्हणजे आदिवासींच्या मांत्रिक-वैदूकडे, जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. अक्राणीत याचा अर्थ धडगावचे ग्रामीण रुग्णालय, आणि पाड्यावरून तेथवर येण्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.