नर्मदेच्या खोऱ्यातून म्हापशाच्या बाजारात: ओरिजित सेन यांच्या चित्रकथेची पार्श्वभूमी

चित्रकार ओरिजित सेन यांचं नर्मदेवरच्या धरणाच्या प्रश्नावरचं चित्रकथेचं पुस्तक 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली आलं, तेव्हा आपल्याकडे कॉमिक्स म्हणजे मुलांनी सुट्टीत वाचायची गोष्ट. 'इंद्रजाल'चा वेताळ १९६४ पासून घरोघरी पोचला होता, 'अमर चित्र कथा' १९६७ पासून देव-दानव आणि राजे रंगवत होती. ज्यावर मोर्चे निघताहेत, गावं उठताहेत असा चालू प्रश्न चौकटींत मांडावा, हे फारसं कुणाच्या मनात येत नव्हतं. बाहेरच्या देशांत वाट आधीच पडली होती. सॅन फ्रान्सिस्कोत १९६८ मध्ये रॉबर्ट क्रम्ब यांचं 'झॅप' हे कॉमिक मोठ्यांसाठी निघालं. पुढे आर्ट स्पीगलमन यांनी नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांच्या मुलाखती घेऊन 'माउस' ही चित्रकथा काढली आणि १९९२ मध्ये तिला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. मुलाखत, साक्ष, आठवण ही संशोधनाची सामग्री चित्रांतून तितक्याच ताकदीनं बोलते, हे तेव्हा मान्य झालं.

सेन अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, ग्राफिक डिझाइन शिकले. त्यांच्या पुस्तकाचं मूळ मात्र नर्मदेच्या खोऱ्यात आहे. 'कल्पवृक्ष' या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेच्या तरुणांनी १९८३ मध्येच दिल्लीच्या हिंदू कॉलेजातल्या विद्यार्थ्यांबरोबर नदीकाठानं फिरून धरणांच्या परिणामांचा अभ्यास केला होता. मेधा पाटकर टाटा समाजविज्ञान संस्थेतलं संशोधन सोडून खोऱ्यात राहिल्या. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावं जाणार होती, त्यातलं अक्कलकुव्याचं मणिबेली सर्वांत आधी बुडिताच्या तोंडी होतं. म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाच्या पाठीशी पहिल्यापासून अभ्यास होता. सेन यांनी खोऱ्यात फिरून त्याला आपली रेघ जोडली. पुस्तक 'कल्पवृक्ष'नेच काढलं, आणि त्याला केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाचं अनुदान होतं.

या कथेत धरणाचं नाव रेवासागर. विष्णू हा शहरातला तरुण पत्रकार माहिती गोळा करत खोऱ्यात जातो, रेलकू ही आदिवासी बाई आपली कहाणी सांगते, आणि मालगू गायन सृष्टी कशी झाली ते गातो. सरकारी अहवालात उंची, हेक्टर, मेगावॅट असतात. जंगलाचं गाणं त्यात कुठल्या रकान्यात बसवणार? काळ्या-पांढऱ्या पानांवर सेन यांनी गाण्याला आणि बातमीला एकाच पंगतीत बसवलं. गाण्याच्या पानांवर रेघ मोकळी वाहते, शहराच्या पानांवर ती आखीव होते. माझ्या मते पुस्तकाचं खरं संशोधन इथेच आहे: कुणाचं ज्ञान पुरावा मानायचं, हा प्रश्न तो चित्रकार वाद न घालता चित्राच्या घडणीतून विचारतो.

पुस्तक थोड्या लोकांपर्यंत पोचलं आणि पुढे बरीच वर्षं मिळेनासं झालं. नवी आवृत्ती चेन्नईच्या 'ब्लाफ्ट'ने २०२२ मध्ये आणली. मधल्या काळात आनंदपूर साहिबच्या विरासत-ए-खालसा संग्रहालयात पंजाबच्या लोकजीवनाचं त्यांचं प्रचंड भित्तिचित्र उभं राहिलं, आणि २००९ मध्ये सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, परिस्मिता सिंग, अमिताभ कुमार यांच्यासोबत 'पाओ' हा चित्रकथाकारांचा गट झाला.

गोवा विद्यापीठानं व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या नावाचं अध्यासन सेन यांना दिलं, तेव्हा फिरून, बोलून, रेखाटून अभ्यास करायची ही पद्धत रीतसर वर्गात आली. विषय निवडला म्हापशाचा बाजार. शुक्रवारी तिथे गावोगावचे विक्रेते बसतात: मोयऱ्याची केळी, हरमलची मिरची, मातीची भांडी, चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज). विद्यार्थी बसून रेखाटनं करायचे, बोलायचे, कोण कुठून येतं आणि काय विकतं ते टिपायचे. चित्र काढायला वेळ लागतो, आणि त्या वेळात समोरचा माणूस हळूहळू बोलता होतो. फोटो काढून निघून जाणाऱ्याला ती सवड मिळत नाही. या कामाला विद्यापीठात अध्यासन मिळालं, ही मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. इतर विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांनीही आपापल्या आठवडी बाजारांत अशी मुलं वही-पेन्सिल देऊन पाठवायला हवीत.