रक्तातली हुलकावणी

'नव्या औषधाने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारल्या' अशी बातमी वाचली की आधी विचारावे, बशीत रक्त कोणाचे होते? बहुधा कोणाचेच नसते. पोषक द्रवात साधारण 10 टक्के सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) असते, तेही गर्भातल्या वासराचे. रुग्णाच्या रक्तात जे तरंगत असते ते त्यात नसते.

मल्टिपल मायलोमा घ्या. हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशींवर बीसीएमए नावाचे प्रथिन असते. 2022 मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळालेले टेक्लिस्टामॅब हे दोन वेगवेगळ्या हातांचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे. एक हात बीसीएमए पकडतो, दुसरा टी-पेशीवरचे (शरीराच्या रक्षक पेशीवरचे) सीडी3 हे प्रथिन. पेशी एकमेकींना भिडल्या की टी-पेशी समोरच्या पेशीला भोके पाडून आत मारक विकरे (एन्झाइम) सोडते.

घोळ होतो तो कात्रीमुळे. पेशीच्या पटलात बसलेले गॅमा-सिक्रेटेज हे विकर बीसीएमएचा बाहेरचा भाग छाटते आणि तुकडा रक्तात जातो. निरोगी माणसातही हे थोडेफार चालूच असते. मायलोमात पेशीच इतक्या वाढतात की तुकडे कैक पट होतात. नुकसान दुहेरी: पेशीवरचे लक्ष्य विरळ होते आणि औषधाचा हात तुकड्यातच अडकतो.

रक्तातले तुकडे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे वजनात मोजले तर आकडे फसवतात. तुकडा जेमतेम 6 किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचे एकक), प्रतिपिंड 150 च्या आसपास. म्हणजे दोन्ही समान वजनाचे असले तरी रेणू मोजल्यास तुकडे 25 पट! त्यातून टेक्लिस्टामॅबला बीसीएमए धरणारा हात एकच. तो गुंतला की तो रेणू तेवढ्यापुरता निकामी. 'तेवढ्यापुरता', कारण हा बंध जुळतो तसा सुटतोही. म्हणून मात्रा वाढवून तुकड्यांवर मात करता येते. पण बेसुमार वाढवली तर मायलोमाची पेशी एका रेणूने व्यापते, टी-पेशी दुसऱ्याने, आणि मधला पूल बांधलाच जात नाही. शिवाय टी-पेशी एकदम खवळल्या तर ताप येतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून सुरुवात दर किलो वजनामागे 0.06 मिलिग्रॅमने, मग 0.3, मग 1.5.

'रक्तशुद्धी'चे काढे विकणाऱ्यांना हे आयते कोलीत वाटेल. पण तुकडे म्हणजे मळ नव्हे, आणि ते छाटणाऱ्या पेशी जिवंत आहेत तोवर नवे येतच राहणार.

त्यापेक्षा कात्रीच थांबवावी. गॅमा-सिक्रेटेज रोखणारी औषधे मुळात अल्झायमरसाठी शोधली गेली. त्यांतल्या सेमागासेस्टॅटची चाचणी 2010 मध्ये थांबवावी लागली, रुग्णांची स्थिती उलट बिघडत होती. सिएटलच्या संशोधकांनी याच गटातले औषध बीसीएमएवर रोख धरणाऱ्या कार-टी पेशींच्या (जनुकीय बदल करून लक्ष्य ओळखायला लावलेल्या टी-पेशींच्या) जोडीला वापरून पाहिले. कात्री थांबली की पेशीवर बीसीएमएची दाटी वाढते. मात्र हीच कात्री नॉच नावाचे प्रथिनही कापते, आणि आतड्याच्या अस्तराची घडी त्या कापण्यावर बसलेली असते. औषध लांबले की जुलाब सुरू होतात.