पार्श्वभूमी : घरच्या द्राक्षाची वाईन आणि सुपरमार्केटमधलं कपाट

कोल्हापूर जिल्हा उसाचा. द्राक्ष म्हटलं की इकडची माणसं मिरज-तासगावकडच्या सोयऱ्यांचं नाव घेतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग काढणी. माल खायला नाहीतर बेदाण्याला. मधे परतीचा पाऊस लांबला की डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) आलीच.

वाईनचा सरकारी इतिहास महाराष्ट्राच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून धरायचा. उत्पादन शुल्क माफ झालं, नाशिककडं विंचूर आणि सांगलीकडं पलूस इथं वाईन पार्क, म्हणजे वाईन कारखान्यांच्या वसाहती, ठरल्या. पुढं 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आली. 2008 नंतरच्या मंदीत मागणी आटली आणि नाशिककडं कित्येकांनी वाईनची द्राक्षं उपटून टाकली. हे सगळं कारखान्याच्या हिशोबानं चाललं होतं, दोन एकरवाल्या कुटुंबाच्या नव्हे.

27 जानेवारी 2022 चा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णयही त्याच जातीचा. किमान 100 चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये 2.25 घनमीटरचं बंद कपाट, वर्षाला 5,000 रुपये शुल्क, त्यात वाईन विकायला मुभा. शाळा-देवळांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. विरोधकांनी 'किराणा दुकानात दारू' म्हणून रान उठवलं, उपोषणाचे इशारे दिले गेले. सरकारचं उत्तर एकच : शेतकऱ्याच्या भल्यासाठी. हरकती मागवल्या गेल्या, त्याच वर्षी सरकार बदललं आणि निर्णय अंमलात आलाच नाही. किराणा दुकान आणि 100 चौरस मीटर हे दोन्ही एका वाक्यात कसे बसतात, हे विरोधकांनी कधी सांगितलं नाही. पण सरकारचा शेतकरी कोणता, हाही प्रश्न तसाच राहिला.

कारण छोट्या बागेची अडचण कपाटाच्या बरीच आधी सुरू होते. लाल वाईनसाठी घड चिरडून साली रसातच ठेवतात. दोन दिवसांत त्या फुगून वर जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा, नाहीतर वरून आंबूस वास सुटतो. मार्चात दुपारी पारा 35 च्या पुढं जातो. रस तापला की तो आंबवणारं यीस्ट दमतं, साखर पुरती आंबत नाही. म्हणजे थंड करणारी टाकी आली, वर परवाना, बाटल्या, लेबलची नोंदणी. परवान्याशिवाय विकायला केलेली घरची वाईन कायद्यानं गुन्हाच.

चंदगड-आजऱ्याकडं हीच गोष्ट काजूच्या बोंडूची, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाची. पलीकडं गोव्यात त्याच बोंडूची फेणी ही दारू होते, 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या बाजूला मात्र बी काढून घेतात आणि बरेचसे बोंडू झाडाखालीच कुजतात.