"लई सुटलास की!"

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला आमच्या गल्लीतला एक तेवीस वर्षांचा मुलगा यायचा. मग दिसेनासा झाला. नंतर कळलं, तो आता रात्री दहानंतर येतो, गर्दी पांगल्यावर. का, तर भेटेल तो पोटावर चापट मारून म्हणतो, "भावा, लई सुटलास की!"

त्याचं वजन आधी वाढलं, की मन आधी खचलं? 2010 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 15 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले, त्यांत 58 हजारांवर माणसं होती. लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता 55 टक्क्यांनी जास्त निघाली. नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची 58 टक्क्यांनी. दोन्हीकडून वाट आहे.

पोटातली चरबी गप्प पडून नसते. ती वाढली की तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात, आणि त्यांचे संदेश मेंदूपर्यंत पोचतात. ताप आल्यावर कसं होतं आठवा: कुणाशी बोलू नये, नुसतं पडून राहावं. काही जणांत हाच दाह मंद आचेवर महिनोन्महिने चालू राहतो, असं दिसतं. उलट बाजूनं, मनावरचा ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं. नैराश्याच्या एका प्रकारात तर भूक आणि झोप दोन्ही वाढतात. घरच्यांना तो आळस वाटतो. नैराश्यावरच्या मिर्टाझापिनसारख्या काही औषधांनीही वजन वाढतं. पण गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घेता येतात.

आपलं गाव तालमींचं. कमावलेल्या शरीराचं इथं कौतुक आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण त्याच तोंडानं केलेली थट्टा पोरांना घरात कोंडते. घरात कोंडलं की चालणं थांबतं, चालणं थांबलं की वजन आणखी वाढतं. "कमी खा" म्हणण्याआधी "झोप लागते का रे?" एवढं विचारावं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर डॉक्टरांना गाठावं. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस फोनसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलाबरोबर मी हल्ली रात्री चालतो. वजनाचा विषय मी काढत नाही. परवा त्यानंच विचारलं, "काका, उद्या जरा लवकर निघूया का?"