गोविंद सदाशिव घुर्ये : पोथीतून गावापर्यंत

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाकडे देण्यात आली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पण त्यांची ख्याती नगररचनाकार म्हणून होती. त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत मालवणात १८९३ साली जन्मलेला, एल्फिन्स्टन महाविद्यालयातून संस्कृत घेऊन एम. ए. झालेला एक तरुण होता. त्याने मुंबई शहरावर लिहिलेला निबंध गेडिसना पसंत पडला आणि त्या बळावर इंग्लंडला जाऊन समाजशास्त्र शिकण्यासाठी त्याची निवड झाली. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या पुढच्या साठ वर्षांच्या लेखनाचा विचार करताना ते आधी संस्कृतचे विद्यार्थी होते, ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

त्या काळच्या मुंबईत माणसांचा अभ्यास अगदीच नवा नव्हता. १८८६ मध्ये येथे मानवशास्त्राला वाहिलेली एक संस्था स्थापन झाली होती आणि जीवनजी जमशेदजी मोदी यांच्यासारखे पारशी विद्वान तिच्यापुढे निबंध वाचत असत. इलाख्यातील जातीजमातींची माहिती देणारे ब्रिटिश सनदी अधिकारी एन्थोवेन यांचे खंडही १९२० पासून प्रसिद्ध होऊ लागले. मात्र या बहुतेक उद्योगामागे सरकारी दप्तराची गरज होती. कोणती जात कुठे राहते, काय करते, कोणाच्या हातचे पाणी पिते, हे राज्यकर्त्यांना ठाऊक असावे एवढ्यासाठीच पुष्कळशी माहिती गोळा होत होती. या नोंदींना विद्यापीठीय शिस्तीची जोड मिळणे अजून बाकी होते.

घुर्ये प्रथम लंडनला समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडे गेले, पण तेथे त्यांचे मन रमले नाही आणि ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. पेशाने डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ असलेले रिव्हर्स ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीतील लोकांचा अभ्यास करणाऱ्या १८९८ च्या मोहिमेत सहभागी झाले होते आणि निलगिरीतील तोडा या आदिवासी लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एखादी चालीरीत कुठून आली, कोणत्या लोकांबरोबर कुठवर पसरली, याचा माग काढण्याकडे त्यांचा कल होता, आणि संस्कृत ग्रंथांत मुरलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत मानवली यात नवल नाही. १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले; घुर्यांनी आपला प्रबंध केंब्रिजचेच मानवशास्त्रज्ञ हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पुरा केला. मुंबईला परतल्यावर १९२४ मध्ये ते विभागप्रमुख झाले, १९३४ मध्ये प्राध्यापक झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

त्यांचा कीर्तिस्तंभ ठरलेला जात आणि वंश या विषयावरचा ग्रंथ १९३२ चा. त्याचे मोल समजण्यासाठी आधी हर्बर्ट रिस्ली यांचा सिद्धांत पाहायला हवा. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त असलेल्या रिस्लींनी नाकाच्या रुंदीचे लांबीशी असलेले प्रमाण मोजून, जात जितकी उच्च तितके नाक अरुंद, असे अनुमान काढले होते आणि जातिव्यवस्थेचे मूळ वंशभेदात दाखवले होते. घुर्यांनी हीच मापे प्रांतवार मांडून पाहिली, तेव्हा उत्तर हिंदुस्थानातील गंगेच्या खोऱ्यात हा नियम काहीसा जुळतो, इतरत्र मात्र जुळत नाही, असे त्यांना आढळले. रिस्लींचेच हत्यार रिस्लींवर चालवणारे हे प्रकरण आजही वाचनीय आहे. वंशाची बाजू पुरती सोडून देणे मात्र घुर्यांनाही जमले नाही, हेही नोंदवले पाहिजे. समाजाचे खंड पडणे, उच्चनीच क्रम, रोटीव्यवहारावरील बंधने, काहींना विशेषाधिकार तर काहींवर निर्बंध, व्यवसायनिवडीवरील मर्यादा आणि बेटीव्यवहाराचे नियम, ही त्यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. जनगणनेतील जातींच्या उतरंडीमुळे जातिभावना अधिक कडवी झाली, हेही त्यांनी त्याच ग्रंथात लिहिले. आता जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे पुन्हा ठरले असताना हे प्रतिपादन दोन्ही बाजूंनी पुढे केले जाईल. घुर्ये स्वतः जातिनिहाय राखीव जागांच्या विरोधात होते, हे त्या वेळी विसरता येणार नाही.

त्यांची सर्वांत वादग्रस्त भूमिका आदिवासींविषयीची. आदिवासींमध्ये राहून त्यांचा अभ्यास करणारे इंग्रज मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये मध्य भारतातील बैगा लोकांसाठी बाहेरच्यांच्या शिरकावापासून राखलेला प्रदेश असावा, असे सुचवले होते. घुर्यांनी १९४३ च्या पुस्तकात याला कडाडून विरोध केला आणि या जमाती म्हणजे हिंदू समाजात पुरते न मिसळलेले 'मागास हिंदू' होत, असे मांडले. पुस्तकाच्या मूळ नावात 'आदिवासी' या अर्थाच्या शब्दापुढे 'तथाकथित' असे विशेषण होते. १९५९ च्या आवृत्तीत ते नाव बदलून 'अनुसूचित जमाती' असे झाले. ग्रंथप्रामाण्याची सवय येथे घुर्यांना नडली, असे मला वाटते. जमातींच्या दैवतांचा पुराणांशी लागणारा धागा त्यांना चटकन दिसे, पण त्या लोकांना स्वतःला काय म्हणवून घ्यायचे आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखनात मागेच राहिला.

शिष्यांच्या बाबतीत मात्र त्यांचे मन मोकळे होते. इरावती कर्वे यांनी चित्पावनांवरचा प्रबंध त्यांच्याकडेच लिहिला आणि मग त्या बर्लिनला गेल्या. मार्क्सवादी अ. र. देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील संशोधन याच विभागात केले. एम. एन. श्रीनिवास येथून ऑक्सफर्डला गेले आणि पोथीपेक्षा प्रत्यक्ष गावाकडे पाहण्याचा आग्रह त्यांनी पुढे इतक्या जोराने धरला की, गुरूची पद्धतच जुनाट ठरावी. १९५१ मध्ये भारतीय समाजशास्त्र परिषद उभी राहिली ती घुर्यांच्याच पुढाकाराने.

निवृत्तीनंतर त्यांनी जे काम प्रसिद्ध केले, ते या 'पोथीनिष्ठ' शिक्क्यात बसत नाही. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने पेशवाई बुडाल्यावर लगेचच, १८२० च्या सुमारास केली होती आणि ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या, म्हणजे मुंबईच्या आजच्या एशियाटिक सोसायटीच्या पूर्वरूपाच्या, निबंधसंग्रहात १८२३ मध्ये छापली गेली होती. घुर्यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली, कोट्सच्या नोंदींशेजारी नव्या नोंदी ठेवल्या आणि १९६० मध्ये त्यांचे पुस्तक केले. आपला इतिहास आणि आपले मानवशास्त्र या दोहोंना त्यांनी एका गावात आणून बसवले ते असे. त्या पुस्तकाच्या नावाचा पहिला भाग आहे, 'सव्वाशे वर्षांनंतर'. घुर्ये स्वतः १९८३ च्या डिसेंबरात, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईतच निवर्तले.