बंद रस्ता लांबवायचा अर्ज: मागचं सगळं थोडक्यात (म्हणजे तितकंही थोडक्यात नाही)

आमच्या इथे मळ्यांच्या बाजूला एक नवीन लेआऊट पडतोय, त्यातला बंद रस्ता (म्हणजे पुढे वाट नसलेला, आत गेलं की मागेच फिरायचं) नियमात बसतो त्यापेक्षा लांब ठेवू द्या म्हणून सवलत मागितलीये आणि त्यावरून आजूबाजूच्या सोसायट्यांत सरळ दोन तट पडलेत. डीपी (शहराचा विकास आराखडा), एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणून वापरायचा बांधकामाचा हक्क) हे नाशिककरांना आता तोंडपाठ आहे, जास्त त्यात जात नाही.

बंद बोळ जुन्या नाशकातही होतेच, पण तिथे माणसं पायी जायची, फारतर सायकल. आत्ताचे बंद रस्ते वेगळ्या कारणाने झालेत. १९८२ ला महापालिका झाली, भोवतालची गावं हद्दीत आली आणि गावांबरोबर त्यांचे गट, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे आले. भावाभावांत वाटण्या होऊन उरलेल्या लांबलचक पट्ट्या, एक टोक रस्त्याला आणि दुसरं नाल्याला नाहीतर पाटाला. अशा पट्टीचा लेआऊट पाडला की मधून एक रस्ता, दोन्हीकडे प्लॉट, दुसरं काही निघतच नाही. शेजारचा गट डेव्हलप झाला की रस्ता पुढे जोडला जाईल असं बुकिंगच्या वेळी सांगतात, आणि शेजारी तोवर कंपाउंड घालून मोकळा झालेला असतो.

आता खरी गंमत २०१६-१७ ची, कारण लोकांच्या डोक्यात रस्ते आणि सवलत ही जोडी तिथून बसली. जानेवारी २०१६ च्या टीडीआर धोरणात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर मिळेना, आणि नाशकात तर ६ आणि साडेसात मीटरच्या गल्ल्यांचं जंगल. त्यात भर कपाटकोंडीची. एफएसआयमध्ये न धरलेली कपाटं खोलीत घेतलेल्या बिल्डिंगांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले, लोक हप्ते भरतायत आणि घर कागदावर अपुरंच. मग महापालिका अधिनियमाच्या कलम २१० चा आधार पुढे आला, म्हणजे रस्त्याची रेषा नव्याने आखायची, ६ मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायचे की ९ झाले, टीडीआर घेऊन कपाटांचं क्षेत्र बसवायला मोकळे. कागदावर झाले. गल्लीत जाऊन बघाल तर एका बिल्डिंगने भिंत मागे घेतलीये, शेजारच्या बंगल्याने नाही, आणि त्या सुटलेल्या दीड मीटरमध्ये कुणाची तरी ॲक्टिव्हा उभी. पण धडा सगळ्यांनी घेतला, नियम आडवा आला की वाट निघते.

डिसेंबर २०२० ला जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली आणि आत्ताचा अर्ज तिच्यातल्या सवलतीच्या तरतुदीवर उभा आहे. भांडण सगळं एका शब्दावर आहे, हार्डशिप. तरतुदीचा अर्थ असा की अडचण स्पष्ट दाखवता आली तर मापांमध्ये सूट देता येते, पण एफएसआयमध्ये नाही आणि आरोग्य, आग, सुरक्षितता यांना धक्का लागेल अशी तर नाहीच. अर्जदार म्हणतात पट्टीचा आकारच असा आहे, आम्ही काय करणार. मला हे पटत नाही. पट्टी घेताना सातबारा आणि मोजणीचा नकाशा हातात होता, आकार काही नंतर बदलला नाही. मागचे दोन प्लॉट कमी पडतात ही अडचण आहे की हिशोब? दुसऱ्या बाजूचं म्हणणं की बारा वर्षांपूर्वी जमीन घेतलेल्याला २०२० चा नियम कसा माहीत असणार, ते ऐकायला बरं वाटतं, पण बंद रस्त्याच्या लांबीचं बंधन २०२० ला जन्मलेलं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत हेच आहे, १५० मीटरपर्यंत ठीक, पुढे जास्तीत जास्त २७५, आणि तेही १५० वर गाडी वळवायला जास्तीची जागा दिली तर. ती जागा किमान ८१ चौरस मीटर, कुठलीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. फक्त रहिवासी भागात आणि फक्त सरळ रस्त्यावर.

मग लांबी मोजायची कुठून हा दुसरा घोळ. अर्जदार शेवटच्या चौकापासून मोजतात, पण त्या चौकातून फुटणारा आडवा रस्तासुद्धा पुढे बंदच आहे, त्यामुळे विरोधवाले डीपी रोडपासून मोजतात. आग लागली तर बंबाला दुसरी वाट आहे का, असं विचारलं की उत्तर आपोआप मिळतं. आमच्याच गल्लीत, जी याच्या निम्मी पण नाही, रोज सकाळी घंटागाडी मागे मागे येते, एक पोरगा पत्र्यावर हात आपटत येऊ दे येऊ दे ओरडत असतो आणि शाळेची पोरं भिंतीला चिकटून उभी.

पण या सगळ्यात संहितेतली एक अट कुणी काढतच नाहीये: बंद रस्त्याचं टोक सुरुवातीपेक्षा उंच पाहिजे, म्हणजे पाणी बाहेर मेन रोडकडे वाहील. नाशकात उतार नाल्याकडे आणि नाला गोदावरीकडे. या पट्टीचं टोकही नाल्यावरच संपतं. मागच्या पावसाळ्यात तिथे टाकलेला मुरूम अजून खालच्या वावरात पसरलेला दिसतो, आणि नकाशावर तेवढ्याच जागेत लिहिलंय, टर्निंग स्पेस.