रोलबॅक केल्यावर सेटिंगही मागे जाते का?
डेटाबेसमध्ये सेट ही सेटिंग बदलणारी आज्ञा, सेशन म्हणजे एका कनेक्शनचा काळ, आणि रोलबॅक म्हणजे ट्रान्झॅक्शनमधले (एकत्रच पक्क्या वा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटातले) बदल रद्द करणे. ‘सेट ही सेशनची बाब, रोलबॅकचा तिच्याशी संबंध नाही’ हे वर्षानुवर्षे ऐकू येते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते साफ चूक आहे. स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीला दिलेली वेळमर्यादा) मुळात 0 आहे असे धरा. बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू केले, सेटने तो 5 सेकंद केला, मग रोलबॅक. आता शो (सेटिंग दाखवणारी आज्ञा) चालवा, पुन्हा 0 दिसेल. सेव्हपॉइंटपर्यंतच (ट्रान्झॅक्शनच्या मधे ठेवलेल्या खुणेपर्यंत) मागे गेलात तरी त्यानंतरचे सेट पुसले जाते. कमिट झाले, म्हणजे बदल पक्के झाले, तरच ते सेशनभर टिकते. सेट लोकल (त्या ट्रान्झॅक्शनपुरतेच सेट) तर कमिटनंतरही उरत नाही.

खरा घोळ ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट होणे) बंद असताना होतो. ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा भाग) गुपचूप ट्रान्झॅक्शन उघडतो, पुढची क्वेरी फसते, रोलबॅक होतो आणि त्याच्याबरोबर तुम्ही सेट केलेला टाइमझोनही जातो. कनेक्शन मिळताच सेट करा, लगेच कमिट करा.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे उलटे: तिथे सेशन व्हेरिएबल (सेशनपुरती सेटिंग) रोलबॅकला दाद देत नाही.